जुडगा

ये, डॅरल. आधी बूट झटक, लादी आत्ताच पुसलीय.
हा घे जुडगा. एकोणीस चाव्या आहेत,
त्यातल्या चार कशाच्याच नाहीत.
तरी काढू नकोस. कमरेला वजनाची सवय होते.

ही बॉयलरची.
खाण चालू होती तेव्हा वाफ तिकडून यायची,
भोंगाही दोघांत एकच:
तो वाजला की टेकडीवर पाळी सुटायची
आणि इथे तिसरा तास.
खाण बंद पडली त्या सोमवारी भोंगा झाला नाही
आणि सहावीचा वर्ग म्हणे दिवेलागणीपर्यंत
अपूर्णांकच करत बसला.
खोटं असेल. पण टॅमरॅकमध्ये सगळे सांगतात,
तेव्हा जन्मले नव्हते तेसुद्धा.

ही खोली सहाची. खिडकीखाली डाग दिसतो?
संपाच्या हिवाळ्यात मिस सारेलाने
संपकऱ्याचा ओन्नी आणि मुकादमाचा पॅस्को
एका बाकावर बसवले, मध्ये एक दौत.
बाहेर त्यांचे बाप एकमेकांच्या अंगावर धावत होते.
आठ दिवस दोघांनी अक्षर लिहिलं नाही.
नवव्या दिवशी दौत सांडली.
कुणी सांडली, ते दोघांनीही मरेपर्यंत सांगितलं नाही.
शाळेच्या वाढदिवसाला ही गोष्ट होतेच दरवर्षी,
एकोपा वगैरे.
मला विचारशील तर डाग तेलाचा आहे.
पण मी तो घासत नाही. तूही घासू नकोस.

या पाट्या मागच्या वर्षी लागल्या.
आदर. जबाबदारी. सचोटी.
निळा रंग, फ्रेमा चांगल्या. महिन्यातून एकदा काच पूस.
‘आदर’ जिथे टांगलाय ना,
तिथे पूर्वी कोटांचं कपाट होतं.
माझी आई त्यात उभी राहिलेली आहे.
वय अकरा. गुन्हा, पाणी मागितलं.
व्हेत्ता म्हणाली. आमच्या फिनिशमध्ये तसंच म्हणतात.
कुलूप बाहेरून. किती वेळ, ते तिने
दर वेळी वेगळं सांगितलं. आत घड्याळ नव्हतं.
हो, तीच सारेला. आडनावावरून कळलंच असेल,
तिच्याही घरी तहान त्याच शब्दाने लागत असणार.
आणि तिनेच आईला वाचायला शिकवलं,
आणि म्हातारपणी आईला त्या बाईंबद्दल
वावगं बोललेलं खपायचं नाही.
हे कसं, मला विचारू नकोस.
मी लादी पुसतो.

कपाट काढलं तेव्हा चावी माझ्या हाती आली.
संध्याकाळी गाडी सरोवरापर्यंत नेली,
मासे धरायला कुणी बर्फाला भोक पाडलं होतं,
त्यातून सोडली. आवाजसुद्धा आला नाही.
म्हणून एकोणीस. पूर्वी वीस होत्या.

आता कामाचं.
नियमाने दार सव्वासातला उघडायचं.
तू पावणेसहाला ये.
सहाच्या सुमाराला एक पोरगा येतो, सातवीतला,
बसने नाही, रुळांवरून चालत.
रूळ उखडले त्याला जमाना झाला,
पण तो त्यांच्यावरूनच येतो.
हातमोजे पाइपावर वाळत घालतो, टोस्ट खातो,
गणितं करतो. चुकीची करतो, पण करतो.
घरी काय आहे, मी विचारलेलं नाही.
टोस्टर मुख्याध्यापिकाबाईंनी आणून ठेवला,
आणि बाईंना यातलं काही माहीत नाही,
असं आमचं ठरलंय.
पाटीवर याला शब्द नाही.
बरंच आहे. पुसायला एक काच कमी.

आणि ही पितळी, पुढच्या दाराची.
जानेवारीत फिरत नाही. जोर लावलास तर मोडेल.
आधी मुठीत धर. घाई करू नकोस.
गार लागायची थांबली
की लाव.