वीतभर ब्यूक

चोरबाजारात डबा मिळाला तेव्हा पाऊणच भरलेला होता.
झाकणावर हिरवी ब्यूक, सन पन्नासची.
आत प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले सुटे भाग,
एक चाक कमी, सूचनांचं तिसरं पान गायब,
आणि ग्रिलचा एक दात तुटलेला.

दात तुटलाय म्हटल्यावर मी घासाघीस केली नाही.
माझा धंदाच तो. माझगावला जिन्याखालच्या खोलीत
तीस वर्षं कवळ्या घडवते:
मेण, साचा, ॲक्रिलिक, मग घास घास घास.
पण दात म्हणून पहिल्यांदा नीट पाहिले ते या गाडीचे.
बाबा म्हणायचे, बाकीच्या गाड्या नुसत्या बघतात,
ब्यूक हसते.

बाबा, म्हणजे भिकाजी किर,
मोईझशेठच्या लाकडाच्या वखारीचे ड्रायव्हर.

जेवणं झाली की टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं.
प्रमाण एकास पंचवीस.
या हिशेबात आमची दहा बाय बाराची खोली
चपलांच्या खोक्यात मावते,
रे रोडचा पूल चार पावलांत संपतो.
बाबांचा पगार तेवढा
आणखी लहान करता येत नाही.

सूचनांत स्टिअरिंग डावीकडे. तिकडे तसंच असतं.
आमच्या ब्यूकमध्ये डावीकडे मुनीम बसायचा,
मांडीवर खातेवही, खिडकीबाहेर पिचकारी.
म्हणून डॅशबोर्ड मधोमध कापला,
कवळीच्याच करवतीने,
आणि मुनिमाला उठवून बाबांना जागा केली.

ऑगस्टात रंग मारला तो दुधाळ पडला,
हवेतलं पाणी उतरलं त्यात.
खरवडला. ऑक्टोबरपर्यंत थांबले.
क्रोमसाठी बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चांदी,
नखाने गुळगुळीत केलेली.
तुटलेला दात मी ओतला, पॉलिश केला, बसवला.
इतका बेमालूम बसला की
मलाच वाईट वाटलं थोडं.

बाबा नव्वदीला टेकलेत. तोंडात माझीच कवळी,
डोळ्यांत मोतीबिंदू. गाडी बोटांनी बघतात.
"बाजूला भोकं किती?"
"तीन."
"तीनच बरोबर. चारवाल्या बड्या शेठांच्या."
मागची सीट चाचपतात आणि बोट लगेच काढून घेतात.
बावीस वर्षांत तिथे बसले नव्हते.

मग म्हणाले, "नवाबाने नव्हती घेतली."

मी ब्रश धुवत होते.
लहानपणापासून मला एक नवाब ठाऊक होता,
हैदराबादचा, मिशीवाला,
ज्याच्या अंगणात आमची ब्यूक
अजून सावलीला उभी होती.

"पेट्रोल महागलं. शेठ म्हणाले, वजनावर देऊन टाक.
मीच नेली कुर्ल्याला, भंगारात.
त्या माणसाने आधी दात उपटले.
चालत घरी आलो.
तू दारात उभी होतीस, विचारलंस, गाडी कुठाय."

नळ चालूच होता. बंद केला.

बाबांनी तपकिरीची जुनी डबी काढली,
झाकण उघडेना, मला दिलं.
आत चावी.
"ही कुणी मागितलीच नाही."

खरी चावी, लोखंडाची. एकास एक.
या एवढ्याशा कुलपात कुठून जाणार!
वाया जाऊ नये म्हणून
चिमूटभर मेण लावून मी ती उभी केली,
ब्यूकच्या उजव्या दाराजवळ.
सवयीने कॅलिपर लावला: साडेसहा सेंटीमीटर.
गुणिले पंचवीस करायला कागद लागला नाही.
ड्रायव्हिंग लायसन्सवर बाबांची उंची
पाच फूट चार इंच लिहिलीय.

त्यांना सांगितलं नाही.
ते विचारत होते चौथ्या चाकाचं काय करणार,
आणि स्टेपनी बघितलीस का डिकीत,
असायला हवी, ते म्हणाले,
मी कधीच तिच्याशिवाय निघालो नाही.