तिसरी फळी

पहिली दोन वर्षं मला वाटायचं,
वरच्या मजल्यावरचा एन्देल कुउस्क पाठीने अधू असावा.
रोज रात्री बारा वाजायला आले की
खिडकीपासूनची तिसरी फळी करकरायची, एकदाच.
मग दीड-दोन मिनिटं काही नाही,
साधा खोकलाही नाही.
मग तीच फळी, पुन्हा एकदा.
मग पलंग.

कोप्लीतली ती लाकडी घरं,
आमचं छत ती त्याची जमीन, मधे भुसा आणि उंदीर.
त्याने बटाटे कधी सोलले, कूस कधी बदलली,
सगळं मला ठाऊक.
मी प्स्कोवची, गोदीच्या दवाखान्यात परिचारिका.
त्याची भाषा मला दुकानापुरती यायची:
पाव, मीठ, किती, आभारी आहे.

एकदा गेन्नादी रात्रपाळीला होता, शेगडी विझलेली,
मी उशी पायथ्याशी घेऊन आडवी झाले,
आणि फळीच्या आधी एक धून ऐकू आली,
गोधडीत तोंड खुपसून कुणी बोलावं तशी.
समुद्रापलीकडचं रेडिओ केंद्र बंद होताना
त्यांचं राष्ट्रगीत लावायचं.
त्यांचं खरं, पण चाल दोन देशांत वाटलेली,
आणि आमच्या किनाऱ्यावर तिला बंदी.
हे दवाखान्यातल्या आल्माने सांगितलं,
थर्मामीटर झटकता झटकता, माझ्याकडे न बघता.

म्हणजे तो उभा राहत होता.
लोकरीचे मोजे घालून, दिवा मालवून,
शेजाऱ्यांच्या उसन्या सुरावर,
एकटा.

एप्रिलमध्ये एक माणूस आला, टोपी न काढता बसला.
वरचा रात्री काय करतो?
घोरतो, मी म्हणाले. दहा वाजल्यापासून.
माझी झोपमोड होते, त्याचं काही करता येईल का?
त्याने ते लिहून घेतलं.
असं का बोलले, अजून सांगता येत नाही.
एन्देल मला आवडायचा असंही नाही;
जिन्यात भेटला तर भिंतीला ओळख दाखवावी तशी
मान हलवायचा.

मग झेंडे बदलले. गोदी बंद पडली. गेन्नादी गेला.
माझ्या हाती राखाडी पासपोर्ट आला,
नागरिकत्वाच्या रकान्यात: अनिश्चित.
फेब्रुवारीत शाळेच्या दिवाणखान्यात समारंभ होता,
आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना बोलावणं.
धून सुरू झाली आणि खुर्च्या सरकल्या.
सगळ्यांत आधी मी उठले,
हात कुठे ठेवायचे कळेना म्हणून
पर्स पोटाशी धरून.
एक बाई माझ्या ओठांकडे बघत होती,
हलतात का ते.

एन्देल बसून राहिला. गुडघ्यावर टोपी.
छातीला तिरंगी फीत लावलेला तरुण मास्तर वाकून म्हणाला,
आजोबा, उठा. लाज नाही वाटत?
एन्देल म्हणाला,
माझं उभं राहून झालंय, पोरा.

मास्तराचे कान लाल झाले.
एवढ्यात कडवं संपलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या,
केक कापला गेला.

परतताना जिन्यात मी त्याला
दुकानापुरत्या भाषेत म्हणाले,
खिडकीपासून तिसरी.
तो थांबला. कठड्यावरचा हात तसाच.
किती वर्षं? त्याने विचारलं.
सव्वीस, मी म्हणाले. आकडे मला नीट यायचे.
तो काही न बोलता वर गेला.
सकाळी दाराशी बरणी होती,
व्हिनेगरमध्ये मुरवलेला भोपळा.
भोपळा मला आवडत नाही.
बरणी संपवली.

त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.
वर आता एक जोडपं राहतं, टाचा आपटत चालतं.
त्या फळीवर त्यांचं कपाट आहे, मी बघून आले.
आणि बारा वाजता आपलं केंद्र ती धून लावतं,
खुशाल, मोठ्या आवाजात.
आपलं म्हणाले का मी?

माझ्या खाली तळघर आहे,
कोळशाची रिकामी पोती, ऐकायला कुणी नाही.
तरी बाराला पाच कमी असताना
मी मोजे शोधते.