फ्रेंच साहेब

कोरे गल्लीच्या कोपऱ्यावरच्या वाचनालयात
त्याची सतरा पुस्तकं आहेत. अठरावं वाळवीनं खाल्लं.
शांतव्वा वहीत नंबर लिहिताना म्हणते,
"परत तोच? खुनी कोण ते पाठ झालं असेल की आता."
झालंय.
पहिल्या पानावरच मला ठाऊक असतं
कुणी केलं, सुरी कुठल्या कालव्यात टाकली.

तरी दुपारी, शेजारचे माग जेवायला थांबले की
मी त्याच्या मागोमाग त्या ओल्या शहरात शिरतो
जिथं मी कधी जाणार नाही
आणि जिथल्या जिन्यांच्या पायऱ्या मला मोजून माहीत आहेत.

किडकिडीत आहे. गुडघा दुखतो.
भिंग नाही, पिस्तूल बहुधा घरी विसरतो.
मेलेल्याच्या स्वयंपाकघरात बसून राहतो,
साखरेच्या डब्याचं झाकण काढतो, लावतो,
आणि विधवेला विचारतो,
काल झोप लागली का?

मी एकवीस वर्षं कोर्टात दुभाषी होतो.
एका कानानं मराठी आत, तोंडानं कानडी बाहेर,
भत्ता वेगळा.
झोपेचं कुणी कुणाला विचारलेलं आठवत नाही.

कणकुंबीच्या पुढची बाई होती. सातूबाई गावडे.
विहीर, जाऊ, दोर.
"हात सुटला," म्हणाली.
की "सोडला"?
बोलायच्या आधी तिनं स्वतःचा तळवा पाहिला होता.
पंखा कुरकुरत होता, साहेबांची जेवणाची वेळ.
मी म्हटलं, कै बिट्टे.
कै जारितु, असंही म्हणता आलं असतं.
टाइपरायटरनं ते लगेच गिळलं.
तिला हिंडलग्याला नेली.
पुढचं माझ्या कामात येत नव्हतं.

सतराव्या पुस्तकात, पान एकशे बारा,
मोलकरीण एक शब्द बोलते
आणि तो थांबतो.
त्याची गाडी चुकते. शिपाई खाकरतो.
तो म्हणतो, परत सांग बाई, सावकाश,
आणि अख्खं पान तिच्याकडे बघत बसतो.

फ्रेंचमध्ये ती नेमकं काय म्हणाली असेल?
अनुवाद करणाऱ्याचं नाव असलेलं पान फाटलंय,
मला मात्र तो दिसतो, दोघांच्या मधे,
घाम पुसत.

एकशे बारा पिवळं पडलंय, कडेला बोटांएवढं.
तंबाखूनं, म्हणते शांतव्वा.