पांढरी एक

युलालिया टीचरच्या पियानोच्या पोटात
चोवीस तास एक बल्ब जळतो,
खाडीची ओल तारांना लागू नये म्हणून.
वाशी, सेक्टर नऊ, तळमजला.
आठवड्यातून एकदा मी त्या उबेवर बोटं ठेवते,
उरलेले सहा दिवस घणसोलीला,
आईच्या शिलाई मशीनच्या झाकणावर मांडलेल्या कीबोर्डवर.

एकसष्टच पट्ट्या आहेत, मी एकदा ओशाळून सांगितलं.
टीचर म्हणाल्या, मोझार्टकडे तरी कुठे जास्त होत्या?
पाच सप्तकं. तेवढ्यात त्याचं सगळं जग मावलं.
आणि हायडन तर नोकर, बाई.
सरदाराने दिलेला गणवेश घालायचा,
रोज दालनाबाहेर उभं राहायचं,
आज काय वाजवायचं त्याचा हुकूम घ्यायला.
मी गळ्यातलं ऐरोलीच्या ऑफिसचं कार्ड
हळूच कुर्त्याच्या आत सरकवलं.

डावा हात साधा ठेव, त्या सांगतात,
तांदूळ निवडताना फिरतो तसा:
खाली, वर, मधे, वर.
उजव्याला बोलू दे.
पेडलचं धुकं नको.
प्रश्न विचारलास तर उत्तर यायला जागा ठेव.
आणि कागदावर थांब लिहिलंय तिथे खरंच थांब.
हायडन थांबतो तेव्हा तो पुढचं विसरलेला नसतो,
तो तुझं तोंड बघत असतो.

मग पहिलं पान उलटायच्या आतच
सा हलला.

घरी बाबांना सांगितलं.
जोमाबुवा मढवी, चाळीस वर्षं भजनाची पेटी.
"सा हालतो? खुटा हाय तो.
खुटा हालला त होडी कुठं बांधशील?"

हलतो, मी म्हटलं. पंचमाच्या घरी जातो,
तिथलाच होऊन बसतो, तिथलं बोलायला लागतो.
मग मधला भाग येतो. सगळं मोडतं,
तुकडे कुठल्या कुठे नेऊन ठेवतात.
पुस्तकात त्याला विकास म्हणतात.

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी.
"आमालाबी त्येच सांगितलेला."

आमच्या भाताच्या शेताला आता सेक्टर नंबर आहे.
बांधाच्या पाण्यात जिताडं सापडायची तिथे
पार्किंगचे दोन मजले जमिनीत उतरलेत.
साडेबारा टक्क्यांचं काय झालं ते
बाबा कुणाला सांगत नाहीत.
ती फाइल पेटीच्या खोक्यात असते,
काल्याच्या अभंगांच्या वहीखाली.

रविवारी त्यांनी पेटी काढली.
भाता मोकळा केला, पांढरी एक दाबली.
"वाजव तुजा. माजा नाय हालनार."

मी सुरू केलं.
आधी बरं चाललं, आम्ही एका घरातले होतो.
मग माझी बोटं पंचमाकडे निघाली, तीव्र मध्यम लागला
आणि त्यांच्या सा वर खस्सकन घासला,
ताटलीवर सुरी ओढावी तसा.
त्यांनी मान वर केली नाही.
मधल्या भागात तर उघड भांडण.
कोमल गंधार, भलतेच सूर, धावपळ,
खाली भाडेकरूंचा मिक्सर,
आणि या सगळ्याखालून ती एकच पट्टी,
हट्टी, थोडी बेसूर, दमा असल्यासारखी.

मग तो थांबा आला.
मी हात उचलले. हायडनने बघितलं.
खोलीत फक्त बाबांचा सा उरला.
तो एवढा वेळ तिथेच होता
हे मला तेव्हा ऐकू आलं.

पुढे सगळं परत येतं.
परक्या सुरात बोललेली ती दुसरी धूनसुद्धा,
तीच वाक्यं, पण आता घरच्या पट्टीत.
घासाघीस नाही. पेटी आणि कीबोर्ड
एका ताटात जेवल्यासारखे संपले.

मला वाटलं, आता बाबा काही बोलतील,
परत येण्याबद्दल.
त्यांनी बोट उचललंच नाही.
भाता ओढत म्हणाले,
"ह्ये ठीक हाय. पन ह्ये कागदावरचा.
मधला वाजव परत.
भांडनाचा."