पावती नंबर २१४

जयंतीभाई, ही पपई नव्हे. चेंडू आहे.
आठ वर्षं माझ्या दुकानात, कॅरमच्या सोंगट्यांच्या डब्यावर
खुंटीला लटकतोय, तुम्ही रोज विचारता पिकली का.
फतेगंजच्या हॉस्टेलातला एक गोरा पोरगा
शिवण उसवली म्हणून टाकून गेला.
मजुरी साठ, आगाऊ वीस. रविवारी येतो म्हणाला.
कुठल्या, ते विचारायचं राहिलं.

बाप क्रिकेटचे चेंडू शिवायचा, मीही तेच,
पण दोन टोकांचं कातडं पहिल्यांदाच मांडीवर घेतलं.
गोल वस्तूला कुठूनही सुरुवात करता येते.
ह्याला टोक आहे, म्हणजे ह्याच्या मनात काहीतरी असणार.
ते कळावं म्हणून भाच्याच्या मोबाइलवर
मेलबर्नचे सामने बघू लागलो,
शनिवारी सकाळी सव्वानऊला, शटर अर्धं वर करून.

आता माझी मतं आहेत. तरी गरम होईतो ऐका.

कॉलिंगवुड. काळे-पांढरे, दयाळ पक्ष्यासारखे.
जिंकले की जग बापाचं, हरले की अंपायर चोर.
असले लोक मांडवीच्या चारी कमानींखाली भेटतात,
त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा?
जीलाँग म्हणजे मांजरं. म्हातारी झाली म्हणावं
तोवर परत दुधाशी. मला आवडत नाहीत,
पण ज्याचा हिशेब चोख त्याला शिव्या तरी काय देणार.
हॉथॉर्नच्या जर्सीचा रंग तपकिरी आणि पिवळा.
ज्यांनी तो निवडला त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

माझा संघ सेंट किल्डा.
आजवर एकच कप. सहासष्ट साली. तोही एका गुणानं.
त्याच वर्षी मी जन्मलो.
तेव्हापासून दोघांचंही कपाट तसंच आहे.

खेळाडूंची नावं जिभेवर वळत नाहीत,
मी माझी ठेवलीत. तो लांब हातांचा, तो बापू शेलार:
झेल घ्यायला समोरच्याच्या पाठीवर गुडघा रोवून चढतो.
आपल्या आखाड्यात मल्लखांबावर चढतात,
हा चालत्या माणसाचा मल्लखांब करतो
आणि अंपायर म्हणतो, बरोबर आहे.
दुसरा खंडू पोस्टमन. डावखुऱ्या पायाचा.
पत्र कधीच सरळ दारात टाकत नाही, शेजारी देतो,
पण पोचतं. बापूचं कौतुक सगळे करतात.
संघ खंडूवर चालतो, हे मी लिहून देतो.

अंपायर चेंडू जमिनीवर आपटतो आणि सामना सुरू होतो.
कुठे उडेल ते त्यालाही ठाऊक नसतं.
हे बंद करायचं म्हणे, हातानं वर फेकायचा.
चूक. साफ चूक.
दिवसातून एकदा तरी सगळ्यांना सारखंच
काही कळू नये, एवढं तरी असू द्या.

आणि मला खरा बांधून ठेवला तो एक नियम.
चार खांब. मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण,
पांढऱ्या रेघेवरचा माणूस दोन बोटं दाखवतो.
बाजूच्या फटीतून गेला, म्हणजे चुकलाच की,
तरी एक बोट. एक गुण. झेंडाही फडकतो.
चुकीची अशी नोंद मी कुठे पाहिली नव्हती,
शाळेत नाही, बँकेत नाही,
लग्नाच्या बाबतीत तर विचारूच नका.

काल रात्री टॉवरचे अकरा ऐकले, रस्ता मोकळा होता.
शिवण धरली आहे का बघावी म्हणून
चेंडू उतरवला, चप्पल काढली,
तुमच्या गाडीपलीकडचे दोन विजेचे खांब धरले
आणि मारला.
डावीकडच्या खांबाला ठण्णकन लागला,
भलत्याच दिशेनं उडून गटाराच्या काठावर थांबला.
शिवण शाबूत.

खांबाला लागला तरी एकच मिळतो, जयंतीभाई.
हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं.
तरी तुम्ही पातेल्याच्या वाफेतून
माझ्याकडे बघत एक बोट वर केलंत.

मी मान हलवली.
तुम्ही उसळीत पळी बुडवलीत, वर सेव टाकलीत.