डाव्याची जवारी

दस्तगीरभाई मिरजेहून शेअर रिक्षानं आले,
दोन स्पीकर लुंगीत बांधून,
एक मांडीवर, एक पायांत.
"ह्या डाव्याची जवारी गेलीया."
चाळीस वर्षं भोपळ्यांवर तारा चढवणाऱ्या माणसाला
ट्वीटर हा शब्द लागत नाही.

गणपती पेठ, दुपार, दुकानाचा पत्रा तापलेला.
वायरी बदलून पाहिल्या, डाव्याची उजव्याला,
आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.
"अजून डावाच," ते म्हणाले.
म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सुटला.
मीटर लावला: दोन्हीकडं साडेपाच ओहम.
कॉइल शाबूत, जळका वास नाही,
रेशमी घुमटावर कुणाचं बोट चेपलेलं नाही.
पेपरची सुरळी करून एकेका जाळीशी कान नेला.
मला दोन्ही सारखेच.
हे मी बोललो नाही.

शेजारच्या झेरॉक्समधून रेवूला हाक मारली,
सातवीतली, हातात अर्धी काकडी.
सुरळी कानाला लावून तिनं डोळे मिटले.
"उजव्यात झांजेला शेपूट आहे, काका.
डाव्यात ती नुसती वाजती आणि पडती."

चार स्क्रू.
चुंबकाच्या फटीत, जिथं पातळ तेल हवं,
तिथं काजळ धरलेलं,
कॉइल त्यात रुतलेली, चिखलात चाक तशी.
जुन्या लग्नपत्रिकेच्या पट्ट्या कापल्या,
फट पुसत राहिलो.
नववी पट्टी पांढरी बाहेर आली.

"तुम्हाला कळलं कसं?"
माझ्याहून बारा वर्षांनी मोठा माणूस.
"कानाला कुठं काय कळतंय आता.
रोज रात्री दोन्हीच्या मधोमध सतरंजी टाकतो.
परवा सून म्हणाली, अब्बा,
सतरंजी उजव्या भिंतीला लागली की."

नवं तेल सोडलं, थेंब मोजून.
मग तपासायला सूर चढवत नेला:
ऐकू येतंय तोवर हात वर.
दस्तगीरभाईंचा आधी उतरला, मग माझा.
रेवूचा वरच,
दुसऱ्या हातानं काकडी खात.

रात्री फोन आला.
"आली मधी."
बाकी काही बोलले नाहीत, ठेवलाही नाही.
मागं तंबोरा चालू असावा.
फोनमधून तेवढं पोचत नाही.