बिनविस्तवाचा जोड

वॉरिंग्टनला नदीकाठी तारेचा कारखाना,
आणि नदीला पलीकडच्या साबणाचा वास.
नर्सिंग अर्धवट सोडून मी तिथं लागले, एकोणसत्तर साली.
काम एवढंच: एक रीळ संपत आलं
की दुसऱ्याचं टोक त्याला जोडायचं.

पहिल्या दिवशी विचारलं, भट्टी कुठाय?
सिरिल हॅझल्डीन हसला,
टेबलाला बसवलेला हातभर दांडा दाखवला.
भट्टी नाही. ठिणगी नाही. डाख नाही.

दोन्ही टोकं कापायची, कोरी. मग त्यांना बोट लावायचं नाही.
(तंबाखूनं पिवळी झालेली बोटं नाचवत
हे तो मला तीनदा सांगे.)
साच्यात समोरासमोर धरायची. दांडा ओढायचा.
एकदा, तर काही होत नाही.
दुसऱ्यांदा तोंडावर तोंड दबतं
आणि कडेनं चपटी होत चकती फुटते,
भाकरीचा काठ फाटावा तशी.
तिच्यातून निघून जाते ती साय,
हवा लागल्या क्षणी ॲल्युमिनियमवर धरते ती.
दिसत नाही, पण मधे असते.
तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.
आतलं आतल्याला लागतं.
मग चकती मोडून टाकायची आणि दोन तारा
कुठं संपल्या नि कुठं सुरू झाल्या, शोधत बसायचं.

माझा पहिला जोड हातातच सुटला.
सवयीनं मी टोकावर फुंकर घातली होती.
आमच्याकडे लहान मुलं भट्टीवर
फुंकर घालतच मोठी होतात.

पुण्यात तांबट आळीत अप्पांचा जन्म गेला.
ठोकलं की तांबं ताठतं,
ताठलं की विस्तवात घालून त्याला समजवायचं,
पुन्हा ठोकायचं. चार घरांपलीकडच्या हातोडीवरून
ते सांगत, बुवा आज भांडून आलाय.
आणि कुणी घागर दुरुस्तीला आणली की
बुडाचा सांधा बघून म्हणत:
यानं विस्तव पाहिलेला नाही. हा टिकायचा नाही.

हेच वाक्य त्यांनी मला पत्रात लिहिलं.
मी कळवलं होतं की रजिस्ट्रारच्या ऑफिसात
सिरिलनं आणि मी सह्या केल्या,
साक्षीला नॉर्मा क्लेग होती, ओल्या छत्रीसकट,
आणि नंतर आम्ही कँटीनमध्ये पाय खाल्ला.
होम नव्हता, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.
त्यांना ते कळलंच.

त्यानंतर माझी पत्रं आई चोरून वाचायची.

फेब्रुवारीत एका पाकिटात
वीतभर तार घातली, जोड बरोबर मधे,
आणि कागद घातलाच नाही.

मार्च गेला. नदीला पूर येऊन ओसरला.
जूनमध्ये निळं आंतरदेशीय नव्हे, साधं पाकीट आलं,
हिशेबाच्या वहीचं पान, अप्पांचं टाकानं लिहिलेलं अक्षर:

तुझी तार मिळाली. पोस्टमन ‘तार’ म्हणाला
म्हणून तुझी आई आधी रडली.
ऐरणीच्या कडेवर वाकवून पाहिली.
एकविसाव्या खेपेला तुटली.
जोडापासून बोटभर अलीकडे.
जोड शाबूत आहे. कानस लावली, रेघ सापडली नाही.
ॲल्युमिनियम मऊच असतं म्हणा.
तांब्याला हे जमतं का,
ते त्यांना विचारून कळव.

त्यांना.
मी तो शब्द उभ्याउभ्या दोनदा वाचला.
सिरिलनं विचारलं, काय म्हणतोय म्हातारा?
इंग्रजीत मला तेवढा एक शब्द नेता आला नाही.
म्हटलं, विचारतायत, तांब्याला जमतं का.

जमतं, तो म्हणाला. पण जोर लागतो.

रात्रपाळीला भंगारातून तांब्याचे दोन तुकडे काढले,
कापले, धरले. मी श्वास धरून ठेवला.
दांडा हलेना,
तेव्हा आम्ही दोघंही त्याला लोंबकळलो.